विकलेल्या वस्तूवरचा हात

कोल्हापुरात ‘गुजरी’ म्हटले की सोन्याचांदीच्या पेढ्या डोळ्यांपुढे येतात. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात गुजरी म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. १९२७ साली बांधलेल्या रसेल मार्केटच्या परिसरातून थोडे चालत गेले, की दुकानांच्या दारात बंपर, दरवाजे, हेडलँप, रेडिएटर, गिअरबॉक्स रचलेले दिसतात. अपघातात सापडलेली किंवा वयाने थकलेली गाडी इथे सुटी केली जाते आणि तिचे धडधाकट भाग दुसऱ्या गाड्यांच्या अंगाला लागतात. पुण्याच्या जुन्या बाजारात वावरलेल्या माणसाला हा व्यवहार नवा वाटणार नाही.

माझा विषय बौद्धिक संपदेचा कायदा आहे. पण त्या कायद्याची परीक्षा घ्यायला या बाजारासारखी दुसरी जागा मला दिसत नाही. गुजरीचा सगळा व्यवहार एका गृहीतावर उभा आहे: वस्तू विकली, की विकणाऱ्याचा तिच्यावरचा हात सुटला. कारखान्यातून गाडी बाहेर पडली, पैसे चुकते झाले, आता ती ज्याची त्याची. तो ती चालवो, मोडो, सुटी करून विको. मुक्त बाजाराचा अर्थ मला समजतो तो इथपासून. आणि बौद्धिक संपदेचा कायदा हा नेमका त्या हाताविषयीचा कायदा आहे. तो किती काळ राहतो, कुठवर पोचतो आणि कशाने सुटतो, हे पाहिले की बाजार आणि मुक्त सॉफ्टवेअर यांच्याशी या कायद्याचे नाते काय, ते बरेचसे उलगडते.

मालकी आणि मनाई

आंब्याची पेटी एकाकडे असली तर दुसऱ्याकडे नसते. मालमत्तेची कल्पना या टंचाईतून आली. एक वस्तू दोघांना एकाच वेळी वापरता येत नाही, म्हणून ती कोणाची हे ठरवावे लागते. ते ठरले म्हणजे देवाणघेवाण सुरू होते आणि बाजार भरतो. प्रोग्रॅमचे तसे नाही. मी माझ्याकडचा प्रोग्रॅम तुम्हाला दिला तर तो माझ्याकडेही राहतो. इथे टंचाई नाही, म्हणून टंचाईतून येणारी मालकीही आपोआप येत नाही. ती कायद्याने निर्माण करावी लागते. आणि तिचे खरे स्वरूप मनाईचे असते. कॉपीराइट म्हणजे इतर सर्वांना केलेली मनाई: तुमचा कागद, तुमची शाई, तुमचा संगणक तुम्ही अमुक एका तऱ्हेने वापरू नका. माझा हक्क वाढतो तेवढा तुमच्या स्वतःच्या वस्तूंवरचा तुमचा हक्क कमी होतो.

म्हणूनच मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते या प्रश्नावर एकमताने बोलत नाहीत. अर्नॉल्ड प्लांट या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्येच दाखवले, की नेहमीची मालमत्ता टंचाईतून जन्मते, तर पेटंट आणि कॉपीराइट टंचाई जन्माला घालतात. अर्थशास्त्रज्ञ हायेकलाही वस्तूंच्या मालकीचे नियम जसेच्या तसे कल्पनांना लावणे धोक्याचे वाटत होते. फ्रिट्झ मॅकलप या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसाठी पेटंटव्यवस्थेची तपासणी केली. त्याचा निष्कर्ष असा, की ही व्यवस्था नसती तर ती आणा असा सल्ला बेजबाबदारपणाचा ठरला असता. पण ती दीर्घकाळ चालत आलेली असताना आपल्याला आहे तेवढ्या ज्ञानावर ती मोडा म्हणणेही तितकेच बेजबाबदार आहे. मला हे मत प्रामाणिक वाटते.

इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडचा १६२४ चा मक्तेदारीविषयक कायदा मुळात राजाने वाटलेल्या मक्तेदाऱ्या रद्द करण्यासाठी झाला. नव्या शोधाला १४ वर्षांची सवलत हा त्यातला अपवाद होता. १७१० च्या ॲन राणीच्या कायद्याने नव्या पुस्तकाला १४ वर्षे दिली आणि लेखक हयात असल्यास आणखी १४. म्हणजे मनाई हा अपवाद होता आणि त्याला मुदत होती.

आता आपल्याकडची मुदत पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम आले आणि ते ‘साहित्यकृती’ म्हणून आले. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या आणि बँकेच्या व्याजाचा हिशेब करणारा प्रोग्रॅम कायद्याच्या एकाच खणात बसले. साहित्यकृतीला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण आहे. पंचविशीतल्या एखाद्या इंजिनिअरने १९९५ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम, तो ऐंशी वर्षे जगला तर, २११० पर्यंत बंद राहील. तो प्रोग्रॅम चालवणारा संगणक तोवर कुठल्या संग्रहालयातही मिळेल की नाही कोण जाणे. यंत्राच्या पेटंटला २० वर्षे आणि यंत्र चालवणाऱ्या ओळींना शंभराहून अधिक, या विषमतेचे समर्थन करणारा एकही युक्तिवाद मला आजवर पटलेला नाही.

हात सुटतो कुठे

पुस्तक विकत घेतले की ते रद्दीत विकायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. या नियमाला पहिल्या विक्रीचा सिद्धांत म्हणतात: पहिल्या विक्रीबरोबर त्या एका प्रतीपुरता हक्कदाराचा हक्क संपतो. नवी प्रत काढण्याची मनाई राहते, हातातली प्रत मात्र मोकळी होते. रद्दीची दुकाने, जुनी पुस्तके, जुनी वाहने आणि गुजरी, सगळे या नियमाच्या आधारावर जगतात. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये याचीच छाया आहे. परदेशात विकलेले अस्सल प्रिंटर दुसऱ्याच कोणी भारतात आणून विकले, तेव्हा सॅमसंगने दाद मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये विक्री होऊ दिली. अट एवढीच, की या मालामागे कंपनीची हमी नाही हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत कंपन्यांनी वेगळी वाट काढली. त्या म्हणतात, आम्ही विकलेच नाही. आम्ही वापराचा परवाना दिला. दुकानातून खोके घेऊन पैसे मोजणाऱ्या माणसाला आपण खरेदी केली असे वाटते आणि आतल्या कागदावर लिहिलेले असते की तो फक्त परवानाधारक आहे. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१० मध्ये ऑटोडेस्कच्या खटल्यात हे म्हणणे मान्य केले. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकलच्या खटल्यात उलटा कौल दिला: कायमचा परवाना आणि त्याची एकरकमी किंमत म्हणजे विक्रीच.

भारतात या प्रश्नाचे उत्तर आडवळणाने मिळाले आणि ते बेंगळुरूतून मिळाले. इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीने स्वतःच्या वापरासाठी अमेरिकेतून तयार सॉफ्टवेअर आयात केले. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे असे, की दिलेले पैसे ही कॉपीराइटच्या वापराबद्दलची रॉयल्टी आहे, म्हणून कर कापून घ्यायला हवा होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०११ मध्ये खात्याची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयात न्या. नरिमन, न्या. हेमंत गुप्ता आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने २ मार्च २०२१ रोजी तो निकाल फिरवला. वरवर पाहता हा कराचा खटला. पण निकालाचा गाभा असा, की कॉपीराइट वेगळा आणि कॉपीराइट असलेली वस्तू वेगळी; गिऱ्हाइकाने वस्तू घेतली आहे, हक्क घेतलेला नाही. न्यायालयाने कायद्यातला एक बारकावाही वर काढला. कॉपीराइट कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीत प्रोग्रॅमची प्रत ‘पूर्वी विकली गेली असली तरी’ मालकाचा विक्रीहक्क राहतो, अशा अर्थाचे शब्द होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते गाळले. गाळलेल्या शब्दांचा अर्थ न्यायालयाने असा लावला, की पहिल्या विक्रीचा सिद्धांत सॉफ्टवेअरच्या प्रतीलाही लागू आहे. माझ्या मते बाजाराच्या दृष्टीने या निकालातली ही सर्वांत मोलाची ओळ आहे, आणि करसल्लागारांच्या वर्तुळाबाहेर तिची पुरेशी चर्चा झाली नाही.

स्वतःची प्रत स्वतः काढणारी आणखी एक वस्तू मराठी शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे: बियाणे. एक दाणा पेरला की शंभर होतात. त्याला पुस्तकाचा नियम लावला तर प्रत्येक पेरणी ही चोरी ठरेल. पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या २००१ च्या कायद्याने म्हणून मधला मार्ग काढला: पैदासकाराला हक्क, पण शेतकऱ्याला आपले बी राखायची, पेरायची, शेजाऱ्याला द्यायची, विकायचीही मोकळीक, कंपनीच्या नावाने, ब्रँड लावून मात्र विकता येणार नाही. माझ्या वाचनात आलेल्या बौद्धिक संपदेच्या तरतुदींत ही सर्वांत शहाणपणाची. तरीही कापसाच्या शेतकऱ्याला तिचा फारसा उपयोग झाला नाही. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीची भागीदारी असलेल्या कंपनीचे बीटी तंत्र आले ते संकरित बियाण्यातून, आणि संकरिताचे बी पुढच्या वर्षी मूळ गुणाचे निघत नाही. कायद्याने मोकळीक दिली होती, कुलूप बियाण्यातच होते. कायदा आणि कुलूप यांतला हा फरक लक्षात ठेवावा. गाडीत तोच पुन्हा भेटणार आहे.

गाडीतला मेंदू

बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना बिडदी लागते. तिथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या टोयोटा किर्लोस्कर मोटरचा कारखाना आहे. कडबा कापायच्या यंत्राने आणि नांगराने ओळखले गेलेले आडनाव इथे एका जपानी नावाशेजारी बसले आहे. गाडी बनते बिडदीला, आणि तिचे आयुष्य संपल्यावर तिचे भाग शिवाजीनगरला येऊ शकतात. या दोन टोकांमधल्या बाजारावर हक्क कोणाचा, हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीतून आला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. यादीत मारुती, टाटा, महिंद्र, होंडा, फोर्ड, टोयोटा, मर्सिडीज, सगळे होते. त्यांतल्या अनेकांचे कारखाने तेव्हा पुणे, चाकण, रांजणगाव, तळेगाव, नाशिक, औरंगाबाद या पट्ट्यातले.

आयोगाने काय पाहिले? कंपन्या अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात विकत नव्हत्या. भाग बनवणाऱ्या पुरवठादारांनाही ते परस्पर विकायची मुभा नव्हती. दोष शोधण्याची साधने आणि दुरुस्तीची माहितीपुस्तके स्वतंत्र गॅरेजला मिळत नव्हती. म्हणजे गाडी घेताना गिऱ्हाइकाला दहा पर्याय, घेतल्यावर एकच. आयोगाने प्रत्येक कंपनीच्या भागांचा बाजार हा स्वतंत्र बाजार मानला, आणि त्यात ती कंपनीच शंभर टक्के मालक. कंपन्यांचा बचाव बौद्धिक संपदेचा होता: हे भाग आमच्या डिझाइनचे, आमच्या पेटंटचे. स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये असे हक्क जपण्यासाठी वाजवी अटी घालायची सवलत आहेच. आयोगाने विचारले, भारतात वैध असलेला हक्क दाखवा. बहुतेकांना तो दाखवता आला नाही. शिवाय तयार भाग दुकानात विकल्याने डिझाइनचा हक्क कसा बुडतो, हेही त्यांना सांगता आले नाही. बाजारातल्या वर्चस्वाच्या गैरवापराविषयीच्या कलम ४ मध्ये तर तशी सवलतच नाही.

अपिलात न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये टोयोटा किर्लोस्करसह तीन कंपन्यांच्या बाबतीत निष्कर्ष कायम ठेवले, दंड मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरता घटवला. मला दंडाच्या आकड्यापेक्षा मांडणी महत्त्वाची वाटते. बौद्धिक संपदा ही ढाल आहे असे नुसते म्हणून चालणार नाही, ती हातात धरून दाखवावी लागेल, हे इथे प्रथमच इतक्या ठसठशीतपणे सांगितले गेले.

पण गाडी तोवर बदलत होती. आज इंजिनावर ताबा असतो एका इलेक्ट्रॉनिक खोक्याचा; मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात. गाडीची किल्ली, चोरीरोधक यंत्रणा आणि हे खोके एकमेकांना सांकेतिक खुणेने ओळखतात. गुजरीतून घेतलेले तसेच खोके, त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे, दुसऱ्या गाडीत बसवले तरी ती सुरू होईलच असे नाही. नव्या गाडीशी त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि ओळख करून देणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात. दरवाजा, बंपर, गिअरबॉक्स विकताना विक्रेत्याचा हात सुटलेला होता. खोक्यात तो आतून धरून बसला आहे. वस्तूची विक्री पूर्ण झाली, पण वस्तूमधल्या प्रोग्रॅमची झाली नाही; आणि प्रोग्रॅमशिवाय वस्तू म्हणजे भंगार. गुजरीला खरा धोका हा आहे. चोरी रोखायला कुलूप हवेच, त्याबद्दल वाद नाही. किल्ली मालकाजवळ असावी की कारखानदाराजवळ, वाद एवढाच आहे.

कायद्याची भूमिका इथे काय? अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने असे डिजिटल कुलूप तोडणे हाच मुळात गुन्हा ठरवला. मग दुरुस्तीसाठी दर तीन वर्षांनी सवलतींची मागणी करत बसावे लागले. भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आणले तेव्हा संसदेने जास्त विचार केला. आपल्याकडे कुलूप तोडणे गुन्हा होते ते कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडले तरच. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडले तर नाही. त्याच्या जोडीला कलम ५२ मधल्या सवलती आहेत: प्रत कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या माणसाने ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामासाठी तिच्यात फेरफार करणे, दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमशी ती जुळावी म्हणून आवश्यक माहिती काढणे, तिचे काम कसे चालते याचे निरीक्षण आणि चाचणी करणे. शिवाजीनगरच्या किंवा कुडाळच्या मेकॅनिकला हे कोणी सांगितलेले नाही. त्याला वाटते, आपण चोरून काहीतरी करतो आहोत. कायदा त्याच्या बाजूला झुकलेला आहे, हे त्याला कळले पाहिजे.

पेटंट: स्वतः लिहिले तरी गुन्हा

कॉपीराइट आणि पेटंट यांना एकाच पिशवीत घालण्याची सवय आपण सोडायला हवी. कॉपीराइट नक्कल रोखतो. मी तुमचा प्रोग्रॅम न पाहता स्वतः तसाच लिहिला, तर कॉपीराइट माझ्या वाटेला जात नाही. पेटंट मात्र कल्पनेच्या वापरावर बसते. मी ते कधी वाचले नसले, शोध मला स्वतंत्रपणे लागला असला, तरी मी दोषी. औषधाचे सूत्र किंवा यंत्राची रचना यांची गणना करता येते. प्रोग्रॅममध्ये शेकडो छोट्या युक्त्या एकत्र येतात, आणि त्यांतली कोणती कोणाच्या नावावर आहे हे शोधायला वकिलांची फौज लागते. मोठी कंपनी ती ठेवू शकते. रात्री दोन तास काढून मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भर घालणारा विद्यार्थी ठेवू शकत नाही. फुकट वाटलेल्या प्रोग्रॅमवर प्रतिप्रत रॉयल्टी द्यायची कोणी आणि कशातून?

भारताने याबाबतीत दाखवलेल्या सावधपणाची मुळे जुनी आहेत. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने दाखवले होते, की भारतातली बहुसंख्य पेटंटे परदेशी मालकांची आहेत आणि त्यांपैकी फारच थोडी इथे उत्पादनात उतरतात. १९७० चा कायदा त्यातून आला. २००२ च्या दुरुस्तीने कलम ३ (के) मध्ये निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारले. डिसेंबर २००४ मध्ये एका वटहुकमाने, उद्योगातला तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी जोडणी असेल तर द्यावे, अशी फट ठेवली. २००५ मध्ये संसदेने ती बुजवली. पेटंट कार्यालयाच्या ऑगस्ट २०१५ च्या मार्गदर्शिकेने ती पुन्हा उघडली. विरोध झाल्यावर डिसेंबरात ती मार्गदर्शिका स्थगित झाली. २०१९ च्या फरीद अल्लानी निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या शोधाला दार किलकिले ठेवले. माझे मत स्पष्ट आहे: हे दार याहून अधिक उघडू नये. बेंगळुरूचा सॉफ्टवेअर उद्योग उभा राहिला तो कॉपीराइटच्या आधाराने. पेटंटच्या अभावी तो अडला, असा पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही.

मनाईचाच परवाना

मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द वेगळे आहेत, हे बरे आहे. मुक्त सॉफ्टवेअर विकतही घेता येते. मुक्त आहे ते त्यामागचे स्वातंत्र्य: चालवण्याचे, आत पाहण्याचे, बदलण्याचे, वाटण्याचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्यासाठी जीपीएल हा परवाना आणला. त्यातली युक्ती समजून घ्यावी. ते कॉपीराइट सोडून देत नाहीत. सोडून दिला असता तर कोणीही तो मजकूर उचलून, थोडा बदलून, कुलूपबंद करून विकला असता. ते कॉपीराइट राखतात आणि त्याच्या बळावर अट घालतात: तुम्हाला मिळालेले स्वातंत्र्य पुढच्याला द्या. मनाईच्या कायद्यातूनच मोकळीक सक्तीची केली. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरसाठी कॉपीराइट रद्द करा अशी मागणी ऐकली की मला ती अविचारी वाटते. घराचा पायाच खणून काढायचा प्रकार तो.

मराठी छापखान्यांना याचा अनुभव आला तो फाँटमधून. नव्वदीत आणि त्यानंतरची काही वर्षे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि बेंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती या प्रणालींवर आपली मासिके, वृत्तपत्रे, दिवाळी अंक निघाले. दोन्हींनी मोठे काम केले, त्याचे ऋण मान्य करायला हवे. पण प्रत्येक प्रणालीची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी. एका फाँटमध्ये जुळवलेला लेख दुसऱ्यात उघडला की अगम्य चिन्हांची रास. लेखकाचा मजकूर लेखकाचा होता, पण तो वाचायची किल्ली फाँटवाल्याकडे. प्रणाली बदलायची म्हणजे जुने सगळे अंक पुन्हा जुळवायचे. एवढा खर्च कोण करणार? गिऱ्हाईक अडकले, आणि अडकलेल्या गिऱ्हाइकाच्या बाजाराला मुक्त म्हणता येत नाही. सुटका झाली ती खुल्या मानकामुळे. भारतीय लिप्यांसाठीच्या १९८८ च्या इस्की संकेतावरून युनिकोडचा देवनागरी विभाग घडला आणि मजकूर फाँटपासून सुटला.

पुढे घडले ते अधिक बोलके आहे. सायबरस्केपने नऊ भारतीय लिप्यांचे काही आकृती फाँट जीपीएलखाली मोकळे केले. मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फाँट रेड हॅट या मुक्त सॉफ्टवेअरच्या कंपनीने घेऊन २००४ मध्ये जीपीएलखाली आणले आणि २०११ मध्ये खास फाँटसाठीच्या खुल्या परवान्याखाली. बंद बाजारातले कसब खुल्या बाजारात आले ते कायद्याच्या जबरदस्तीने नव्हे, खरेदी आणि परवाना या साध्या व्यवहारांतून. रेड हॅटला यात काय मिळाले? तिचा धंदा प्रोग्रॅमच्या प्रतीवर नव्हता, सेवेवर होता. आयबीएमने २०१९ मध्ये ही कंपनी ३४ अब्ज डॉलरना घेतली. मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट ही हिशेब आणि साठ्याची प्रणाली जीपीएलखाली आहे. तिची बसवणूक, दुरुस्ती आणि देखभाल कोणीही करून पैसे मिळवू शकतो. हे स्वतंत्र गॅरेजचेच तत्त्व आहे: बॉनेट उघडता येते, म्हणून दुरुस्ती करणारे अनेक असतात, आणि अनेक असतात म्हणून भाव वाजवी राहतो.

पण मोकळा परवाना स्वतःहून बाजार भरवत नाही, हेही बेंगळुरूनेच दाखवले. भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर कंपनी यांनी मिळून सिम्प्युटर हा गरिबांसाठीचा हातातला संगणक रचला. २००१ मध्ये त्याचा नमुना पुढे आला. हार्डवेअरची रचनाही त्यांनी जीपीएलच्या धर्तीवर खुली केली. जगभर कौतुक झाले. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने तो दुकानात आला आणि काही हजारांपुढे गेला नाही. मोबाइल स्वस्त होत होता, विक्रीची साखळी नव्हती, सरकारी खरेदी आली नाही. परवान्याचा त्यात दोष नव्हता, पण परवान्याने त्याला वाचवलेही नाही.

उरला चोरट्या प्रतींचा प्रश्न. गुजरी आणि चोरट्या सीडीचा बाजार यांची सरमिसळ करणे अन्यायाचे आहे. गुजरीत एक वस्तू एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते. चोरट्या सीडीत एकाच्या दोन होतात. जाणूनबुजून असा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब मध्ये सात दिवस ते तीन वर्षे कैद आहे. ते एक असो. मला अधिक खटकते ते असे, की चोरटी प्रत मुक्त सॉफ्टवेअरचेच सर्वाधिक नुकसान करते. ज्या डीटीपीवाल्याला बंद प्रणाली फुकटात मिळाली, त्याने मोकळी प्रणाली शिकायचे कष्ट घेतले नाहीत, आणि पुढे धंदा वाढल्यावर तो त्याच बंद प्रणालीचा पैसे देणारा गिऱ्हाईक झाला.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केले. कंपन्यांनी त्यावर माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षेला सक्ती नाही. आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, इतक्या सवलतींच्या यादीत, ‘दुरुस्ती’ हा शब्द प्रोग्रॅमच्या संदर्भात अजून नाही. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला पत्र लिहायचे असेल तर एवढीच एक मागणी लिहा: विकत घेतलेल्या वस्तूची दुरुस्ती करण्यासाठी किंवा तिचा भाग दुसऱ्या वस्तूत बसवण्यासाठी तिच्यातला प्रोग्रॅम उघडणे, जुळवणे आणि बदलणे हा कॉपीराइटचा भंग नाही, असे एक वाक्य कलम ५२ मध्ये घालावे.